मिझोरामच्या युथ कॅम्पला व्हॉलंटियर म्हणून चाललोय, कोणी गेलंय का?

नगरी_पोर
सलाम मंडळी. मी नगरचा, वय २३, चर्चच्या तरुण संघात आहे. हॉस्टेलला माझा रूममेट मिझो होता, त्याच्या गावच्या चर्चचा जानेवारीत पोरांचा पाच दिवसांचा कॅम्प असतो, तिथे मदतीला ये म्हणून मागे लागलाय. गाव आयझॉलपासून गाडीने तीनेक तास. हिंदी इंग्लिश येतं, मिझो शून्य. आईचं म्हणणं तिथे सगळं उकडलेलं आणि डुकराचं, पोरगं उपाशी मरणार. पाळकसाहेब म्हणतात संधी सोडू नको, जाऊन वचन सांग. मी दोन मेसेज तयार पण केलेत, पीपीटीसकट. खेळ कुठले घ्यायचे, परमिटचं काय, थंडी किती, आणि गिटार नेऊ का? विमानात मोडते म्हणतात.

डोंगरवाट
दोनदा गेलोय, दुसरं गाव पण प्रकार तोच. पहिलं काम कर, ती पीपीटी घरी ठेव. अरे राजा, आपल्या नगरात अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ ला, त्यांच्याकडे पहिले दोन मिशनरी पोचले ११ जानेवारी १८९४ ला, म्हणजे आपण साठ वर्षांनी सिनियर, आणि आज बघ, २०११ च्या जनगणनेत तिथे ८७ टक्के लोक ख्रिस्ती, त्या ११ तारखेला राज्याला सुट्टी असते आणि त्यांची मंडळी स्वतःच देशभर मिशनरी पाठवते. तू त्यांना काय वचन सांगणार? मी पण असाच बायबलला रंगीत चिठ्ठ्या चिकटवून गेलो होतो. पहिल्या दिवशी चौदा वर्षांच्या पोरीने माझ्याआधी अध्याय आणि ओवी सांगितली, तेव्हा गप बसलो.

मग माझं काम काय होतं? भांडी. खरं सांगतो, दीडशे पोरांची ताटं आणि हे मोठाले टोप, मागच्या अंगणात राख लावून घासायचे. तिथे त्यांचा एक शब्द आहे, त्लॉमङाइना, म्हणजे कोणी सांगायच्या आत उठून दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही. ही शिकवणूक चर्चच्या आधीपासूनची आहे. पहिले दोन दिवस मी पाहुणा, खुर्ची, थिंगपुइ (चहा) आणि सगळे लाजून लांब लांब. तिसऱ्या दिवशी न विचारता टोप ओढला आणि घासायला बसलो, त्यानंतर पोरं आपणहून जवळ यायला लागली. भाषेचा प्रश्न पण तिथेच निम्मा सुटला, कारण टोप घासताना बोलायला लागतंच किती. ‘का लोम ए’ म्हणजे थँक्यू, मोठ्या माणसाला ‘का पू’, बाईला ‘का पी’, एवढं पाठ कर. बाकी ती भाषा सुरावर चालते, एकच शब्द चढवून म्हटला की वेगळा अर्थ, उतरवून म्हटला की वेगळा. आपण काहीतरी म्हणतो आणि सगळी हसतात, हसू दे.

खाण्याचं आईला सांग की भात ढिगाने मिळतो. सकाळी आठ-नऊला भात, मधे चहा आणि काहीतरी, मग संध्याकाळी पाच-सहाला परत भात, कारण जानेवारीत पाच वाजता अंधार पडलेला असतो. रात्री नऊला आपल्याला कडकडून भूक लागते, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा ने. बाइ म्हणून एक भाजी असते, पाला आणि भाज्या उकडलेल्या, तेल-फोडणी नाही, कधी त्यात आंबवलेली डुकराची चरबी घालतात, त्याचा वास पहिल्या दिवशी डोक्यात जातो आणि चौथ्या दिवशी मी मागून घेतली. आणि सुपारी!! कुहवा म्हणतात. एका आजीने ओली सुपारी चुना लावून पानात गुंडाळून दिली, मी आपलं जेवणानंतरचं पान समजून जोरात चावली, दोन मिनिटात कान तापले, घाम फुटला, छाती धडधडायला लागली, मला वाटलं संपलो मी इथेच, आणि अख्खं स्वयंपाकघर पोट धरून हसतंय.

गिटारची गरज नाही, तिथे दर तिसऱ्या पोराकडे असते. गाणी मात्र ऐकशील तर वेडा होशील. गाण्याच्या पुस्तकात सुरांच्या जागी डो-रे-मी ची नुसती अक्षरं छापलेली असतात, त्यावरून दहा वर्षांची पोरं चार आवाजात गातात. आणि रात्री खुआंग म्हणजे त्यांचा ढोल, त्या तालावर म्हातारीकोतारी गोल करून हळूहळू डुलत गातात, तासन् तास, आपल्या भजनाची रात्र आठवते. टाळ ने. खरंच, माझा टाळांचा जोड तिथेच राहिला, परत मागायला जीव झाला नाही.

वाशीवाली_मावशी
नगरी_पोर बाळा, परमिटचं आधी बघ. इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, भारतीयांनाही लागतं. विमानाने गेलास तर लेंगपुइ विमानतळावर उतरल्यावर मिळतं, नाहीतर वाशीला मिझोराम हाऊस आहे तिथे आधी विचारून घे. तात्पुरतं परमिट थोड्या दिवसांचं असतं, जास्त राहायचं झालं तर तिथला कोणीतरी जबाबदार माणूस लागतो, मित्राच्या वडलांना आधीच सांगून ठेव. आता आयझॉलजवळच्या सायरांगपर्यंत रेल्वे पण गेलीय (२०२५ पासून), वेळ असेल तर ट्रेनने जा.

रविवारी प्रवास ठेवू नकोस. दुकानं बंद, गाड्या बंद, सगळं गाव चर्चमध्ये. माझ्या भाचीने रविवारचं तिकीट काढलं आणि बसली अडकून. पाणी जपून वापर, हिवाळा कोरडा असतो, घराघरात पावसाचं पाणी टाक्यांत साठवलेलं असतं, बादलीभर गरम पाणी मिळालं तर देवाचे आभार मान. चर्चला मुली पुआन (कमरेला गुंडाळायचं त्यांचं विणलेलं वस्त्र) नेसून येतात, तू पण रविवारसाठी एक इस्त्रीचा शर्ट ठेव, बर्म्युडावर नको जाऊस रे. लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, लगेच स्टेटसला टाकायचे नाहीत.

मिझो माणसं मी इथेच ओळखायला लागले, टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या उपचारासाठी येतात ना ती. एका आजींबरोबर त्यांची सून होती, खोलीवर भात लावायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची, रोज, दोन्ही वेळा. मला वाटलं चिमण्यांना. नंतर कळलं की ती चर्चला द्यायची मूठ, बुहफाइ थाम, १९१० पासून चालत आलीय. सासूची केमो चाललीय, हातात पैसा नाही, आणि मूठ काही चुकली नाही. त्या डब्याचं झाकण श्रीखंडाच्या डब्याचं होतं, का कोण जाणे ते अजून डोळ्यासमोर आहे.

स्पष्ट_बोलतो
राग नको मानू, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला जिथे सगळं सुरळीत चाललंय तिथे मदतीला कशाला? नंदुरबारला वसतिगृहातल्या पोरांना सुट्टीत कोणी विचारत नाही. विमानाच्या भाड्यात तिथल्या किती पोरांचे स्वेटर येतील. याला व्हॉलंटियरिंग नाही, सहल म्हणतात.

डोंगरवाट
@स्पष्ट_बोलतो सहल तर सहल. त्यांना माझी गरज नव्हती हे मी वर लिहिलंच की. मला मात्र होती. तिथे पोरं मला ‘वाइ’ म्हणायची, म्हणजे बाहेरचा, मैदानातला माणूस, कधी सहज आणि एकदोनदा टोचून सुद्धा. मग पुण्यात आपण त्यांच्याकडच्या पोरांना काय काय हाका मारतो ते आठवलं. परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या दोन मिझो मुलींना नाताळला घरी जेवायला बोलावलं, चार वर्षं त्या तिथे होत्या आणि मी कधी नाव विचारलं नव्हतं. नंदुरबारचं बरोबर बोललास, मे महिन्यात जाणार असशील तर सांग, मी येतो.

स्पष्ट_बोलतो
मे मध्ये नक्की. मेसेज करतो.

नगरी_पोर
बापरे, एवढं सगळं! मावशी, परमिटसाठी शनिवारी वाशीला जाऊन येतो. रविवारची रिटर्न फ्लाइट होती, सोमवारची केली, सातशे रुपये गेले. पीपीटी डिलीट नाही केली पण पेनड्राइव्ह घरी ठेवतोय (पाळकसाहेबांना अजून सांगितलं नाही). मित्राला फोन करून विचारलं, भांडी कोण घासतं तुमच्या कॅम्पला, तर तो हसायलाच लागला, म्हणे तुला कोणी सांगितलं? आई चटणी कुटतेय, दोन किलो. टाळ आजोबांचे आहेत, ते देतील का हे आज रात्री विचारायचंय.