गिटारच्या शिसवीच्या बॅकसाठी, म्हणजे पाठीच्या फळीसाठी, जास्त पैसे घालायचे का?

पहिली तार:
नवीन ॲकॉस्टिक घ्यायचीय म्हणून दोन रविवार पुण्यातली दुकानं फिरतोय, सगळीकडे तेच, आधी महोगनी बॅकवाली दाखवतात मग हळूच शिसवीची काढतात आणि किंमत एकदम वर, का तर म्हणे आवाज खोल. मला अजिबात पटत नाही. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठानं नीट चाचणी घेतलीय, रॉजर बकनॉल ह्या कारागिराकडून 6 गिटार करून घेतल्या, सगळं सेम, फक्त बॅक आणि साइडचं लाकूड वेगळं, महागड्या ब्राझिलियन शिसवीपासून साध्या सपेलीपर्यंत. 52 गिटारवाल्यांनी अंधुक खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क दिले! आवाज टॉपमधून, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीतून येतो आणि टॉपच्या आत चिकटवलेल्या पट्ट्यांमधून, म्हणजे ब्रेसिंगमधून. मार्टिन कंपनीची एक्स आकाराची पद्धत 1840 च्या दशकापासूनची, टेलर कंपनीनं 2018 मध्ये व्ही आकाराची आणली, तारांच्या दिशेनं टॉप कडक आणि दोन्ही बाजूंना हलायला मोकळा, त्यामुळे आवाज मोठाही होतो आणि टिकतोही. पैसे अशा डोक्याला द्या ना.

शिसवप्रेमी:
6 गिटार म्हणजे 6च हो. त्याही एकाच तयार हाताच्या, तो माणूस कुठल्याही लाकडातून चांगलंच काढणार. शिसवीची पातळ फळी दोन बोटांत लटकती धरून टिचकी मारा, घंटेसारखी वाजत राहते, महोगनी लवकर गप्प होते. हे मी स्वतः करून बघितलंय.

पावसातली गिटार:
तुम्ही दोघंही लाकडातच अडकलाय. इथे जुलैत टॉप फुगतो, ॲक्शन चढते म्हणजे तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात, एफचा बॅरे (एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड) धरवत नाही, आणि एप्रिलमध्ये फिंगरबोर्ड आक्रसून फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं हाताला टोचतात. कार्बन फायबरची घेतल्यापासून माझा हा सगळा ताप गेला. आणि हे काही कालचं फॅड नाही, ओव्हेशन गिटार कंपनीचे चार्ल्स कामन हेलिकॉप्टर बनवणारे, त्यांनी 1966 मध्येच फायबरग्लासची गोल पाठ आणली, 1976 च्या ॲडमस मॉडेलला तर टॉपच कार्बनचा.

कोथरूडकर:
कार्बनला तडा गेला की कोणाकडे नेणार? माझी लाकडी गिटार मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी बंद गाडीत राहिली, चूक माझीच, सरस मऊ पडून ब्रिज (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) मागून उचलला, फटीत बसच्या तिकिटाचा कोपरा जायचा. पेठेतल्या कारागिरानं गरम पातीनं ब्रिज सोडवला, जुना सरस खरवडला, नवा लावून रात्रभर क्लॅम्प. अजून वाजतेय. म्हणून मला कौतुक टेलरच्या 1999 च्या नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, जुन्या पद्धतीत सरसानं बसवलेली नेक वाफ देऊन काढावी लागते, ह्यात बोल्ट सोडले, पातळ पट्टी बदलली की अँगल जागेवर.

पहिली तार:
हे मात्र शंभर टक्के पटलं, बोल्टवाली नेक आता माझ्या यादीत वर. कार्बन नको वाटतं, थोडी वाजवून बघितली, मला सगळे सूर एकाच रंगाचे लागले.

पावसातली गिटार:
थोडी वाजवून नाही कळत. ऑगस्टमध्ये सलग महिनाभर वाजवा, मग बोलू.

शिसवप्रेमी:
नेकचं मान्य. पण त्या 52 जणांना गॉगल होते, मला नाहीत. रात्री कामावरून आलो की केस उघडतो, पाठीवरच्या त्या जांभळट काळ्या रेषा दिसतात आणि दमलेलो असलो तरी अर्धा तास वाजवायला बसतो. जास्तीचे पैसे मी ह्यासाठी देतो, आणि परत घेतली तरी शिसवीचीच घेणार.