घरच्या सीएनसी राउटरवर जाळीकामाचा दर चौरस फुटावर ठरवावा की वेळेवर?

प्रश्न (सांगली)

नमस्कार. घरामागच्या शेडमध्ये गेले दहा महिने मी ८ बाय ४ फुटी बेडचा सीएनसी राउटर (संगणकावरच्या नक्षीनुसार लाकूड कापणारे मशीन) चालवतो आहे. देवघराच्या जाळ्या, कपाटांची नक्षीदार दारे आणि नामफलक अशी जॉबवर्कची कामे सुतारांकडून व इंटिरियर करणाऱ्यांकडून येतात आणि शीट बहुतेक वेळा तेच आणून देतात. जाळीचा दर मी चौरस फुटाला ६० रुपये ठेवला आहे, म्हणजे १२ मिमी एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या) पूर्ण शीटचे १,९२० रुपये होतात. परंतु नक्षी दाट असेल तर शीट चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत पाच तास सहज जातात. ६ मिमीचा दोन धारांचा बिट (कापणारे पाते) मी २४,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे), मिनिटाला २,००० मिमी फीडने (पुढे सरकण्याच्या वेगाने) आणि तीन पासमध्ये, म्हणजे तीन थरांत, चालवतो. तरीही कडा काळ्या पडतात आणि चार-पाच शीटमध्ये बिट बोथट होतो. जास्त किलोवॅटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) घेतल्यास काम लवकर उरकेल का?

उत्तर १ (चाकण)

स्पिंडलवर खर्च करण्याची घाई करू नका. आपण दिलेल्या आकड्यांवरून प्रत्येक धार एका फेऱ्यात किती लाकूड उचलते ते काढा: २,००० भागिले (२४,००० गुणिले २ धारा), म्हणजे जेमतेम ०.०४ मिमी. एवढ्या पातळ कापात धार लाकूड कापत नाही, नुसती घासते. त्या घासण्याच्या उष्णतेने कडा करपते आणि धारही जाते. आरपीएम १६,००० वर आणून फीड ४,००० केल्यास हाच आकडा ०.१२५ मिमी होतो, जो एमडीएफसाठी योग्य आहे. मात्र एकदम उडी न मारता टाकाऊ तुकड्यावर ५०० च्या टप्प्याने फीड वाढवत जा, आवाज ऐका आणि भुसा चिमटीत धरून पाहा. पिठासारखा लागत असेल तर अजून वाव आहे. मशीनची बांधणी मजबूत असेल तर ६ मिमी खोलीचे दोन पास पुरतील. एवढे लक्षात असू द्या, की नक्षीच्या बारीक वळणांत मशीन ठरवलेल्या फीडपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे फीड दुप्पट केल्याने वेळ निम्मा होणार नाही. बिट बदलताना कोलेटही (बिट धरणारी पकड) दरवेळी पुसत चला. कोलेटमध्ये भुसा अडकला की बिट किंचित तिरका फिरतो, आणि दोष मात्र आपण बिटाच्या दर्जाला देतो.

उत्तर २ (नाशिक)

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु खरी गळती दरात आहे असे मला वाटते. माझ्या मशीनचा हिशेब नमुन्यादाखल देतो. साडेचार लाखांचे मशीन पाच वर्षांत वसूल करायचे म्हटले तर महिन्याला ७,५०० रुपये, बिट व कोलेट ३,०००, वीज ४,०००, देखभाल १,५०० आणि माझी स्वतःची मजुरी २४,००० रुपये, असे एकूण ४०,००० होतात. महिन्यात बेडवर काम असलेले तास ८० च्या आसपासच भरतात, म्हणून तासाचा खर्चच ५०० रुपये पडतो. आपल्या दाट जाळीला तासाला ३८४ रुपये सुटतात; तेच मोकळ्या नक्षीची शीट दीड तासात उतरली तर १,२८० सुटतात. चौरस फुटाच्या दरामुळे सोप्या कामाचे गिऱ्हाईक महाग वाटून दुसरीकडे वळते आणि दाट कामाचे नेमके आपल्याकडे येते. मात्र सुताराला मिनिटांचा हिशेब सांगत बसू नका. नक्षी पाहून, सॉफ्टवेअरने दाखवलेल्या वेळेत आपल्या अनुभवाची भर घालून, त्याला शीटचा ठोक भाव सांगा.

उत्तर ३ (ठाणे)

थोडे विषयाच्या कडेचे, पण घरातून काम करणाऱ्यांना भोवणारे. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसे ठरल्यास आकारणी लागू वर्गाच्या दुप्पट दराने होते, त्यामुळे स्वतंत्र जोडणी आधीच घ्या. जीएसटीच्या बाबतीत, दुसऱ्याच्या मालावरचे जॉबवर्क ही सेवा धरली जाते, म्हणून नोंदणीसाठी मालविक्रीची ४० लाखांची मर्यादा न धरता सेवेची २० लाखांची धरावी. एमडीएफची धूळ फुप्फुसात जाण्याइतकी बारीक असते. शेड घराला लागून असेल तर डस्ट कलेक्टर पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्याची पिशवी घराच्या खिडकीखाली झटकू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. काल एका शीटची घड्याळ लावून नोंद केली. जुन्या सेटिंगवर एकूण ५ तास १० मिनिटे लागली, त्यांपैकी स्पिंडल फिरत होता तो ३ तास ५ मिनिटे. आज त्याच नक्षीची दुसरी शीट १६,००० आरपीएम, ४,००० फीड आणि दोन पासवर घेतली, तेव्हा कापण्याचा वेळ १ तास ४० मिनिटांवर आला आणि कडा स्वच्छ निघाल्या. कापण्याव्यतिरिक्तच्या दोन तासांचा हिशेब मात्र अनपेक्षित निघाला: त्यातला जवळजवळ एक तास इंटिरियरवाल्यांनी पाठवलेल्या फाइलमधल्या तुटक्या रेषा जोडण्यात गेला होता आणि त्याचे मी आजवर काहीच घेत नव्हतो. पुढच्या कामापासून फाइल दुरुस्तीचे २५० रुपये वेगळे लावणार आहे. स्पिंडलचा विचार तूर्त सोडला आहे.