शाळा म्हणते पोराची सायकॉलॉजिकल टेस्ट करा... करायची का? कोल्हापूरकर पालकांनी बोला

मंगळवारपेठकर (धागा सुरू करणारा):

नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत आहे. शाळेत पालकसभा झाली, बाहेरून एक मॅडम बोलावल्या होत्या, त्यांनी तासभर स्लाइड दाखवल्या आणि शेवटी फॉर्म वाटले. आयक्यू टेस्ट, बोटांच्या ठशांवरनं करिअर रिपोर्ट, मुलाची काउन्सेलिंग सेशन आणि आईबाबांना पॅरेंट कोचिंग, सगळं मिळून साडेसहा हजार. वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या मुलाचं तर कराच, लक्ष नसतं, सारखी चुळबूळ करतो.

माझं मत स्पष्ट हाय, मी करणार नाही. नऊ वर्षांचं पोरगं सकाळपासनं बाकड्यावर बसवल्यावर चुळबूळ करणारच की. वर्गात साठच्या वर पोरं, ग्राउंडवर अर्धं पार्किंग, पीटीच्या तासाला गणित, आणि दोष काय तर पोराच्या डोक्यात. पूर्वी लाजाळू, हट्टी, विसराळू अशी पोरं घरोघरी असायची आणि मोठी होऊन नीट संसार करायची, आता प्रत्येक स्वभावाला एक नाव आणि त्या नावाला एक फी. शेजारच्या मुलीचा असला रिपोर्ट मी बघितलाय. जाडजूड, रंगीत आलेख, डावा मेंदू इतके टक्के उजवा इतके टक्के, आणि शेवटी 'हिला नृत्य, व्यवस्थापन, वैद्यकीय, कायदा या क्षेत्रात वाव आहे'. म्हणजे सगळ्यातच. उद्या सकाळी तिला भागाकार कसा समजावायचा यावर एक ओळ नाही त्यात.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, रिपोर्टनंतर पोराच्या रोजच्या दिवसात नक्की काय बदललं?

---

राजारामपुरीची आई:

दादा तुमचा राग समजतो पण तुमचं ऐकून एखाद्या आईनं फॉर्म फाडून टाकला आणि तिच्या पोराला खरंच गरज असली तर काय, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा दुसरीत असताना धडा वाचून दाखवला की तोंडी सगळी उत्तरं द्यायचा, पात्रांची नावं, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं. वही उघडली की संपलं. ३ चा ६ आणि ६ चा ३. पंचवीस म्हटलं की आधी पाच ऐकू येतं म्हणून ५२ लिहायचा. जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबायची आणि रबरानं खोडून खोडून पान फाटायचं. बाई म्हणायच्या आळशी आहे, घरी आजी म्हणायची लाडानं बिघडलाय, आणि मी रात्री अभ्यासाला बसले की शेवटी दोघंही रडायचो. तो स्वतःला ढ म्हणायला लागला होता, आठ वर्षांचा मुलगा. टेस्टमध्ये निघालं की बुद्धी चांगली आहे, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. त्यानंतर रेमेडियल टीचर, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीनं शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, शाळेत तोंडी परीक्षेची सवलत मिळाली, आणि घरी मी ओरडायचं बंद केलं. तुम्ही विचारलंत ना काय बदललं, हे बदललं. स्वभाव स्वभाव म्हणत बसले असते तर तो पाचवीत शाळा सोडायच्या गोष्टी करत असता.

---

मंगळवारपेठकर:

ताई तुमच्या मुलाचं ऐकून बरं वाटलं, खरंच. पण तुमची केस वेगळी, तुम्हाला काहीतरी दिसलं म्हणून तुम्ही गेलात. इथं अख्ख्या वर्गाला एकच पॅकेज विकायला लागलेत, त्याला माझा विरोध आहे. आणि २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात पंचवीससोबत 'वीस पाच' आणलं तेव्हा आख्ख्या महाराष्ट्रानं टिंगल केली होती. पोरांना अडतंय कुठं हे बघायला कुणाला वेळ नाही, टेस्ट करायला मात्र हाय.

---

निवृत्त गुरुजी, राधानगरी:

मी झेडपीत आयुष्य काढलं. धागा काढणाऱ्यांशी बऱ्यापैकी सहमत. मुलाकडं लक्ष देऊन बघणं हे शिक्षकाचं काम आहे, ते आपण बाहेर देऊन टाकलं. माझी पद्धत अशी होती की मूल मागं पडतंय वाटलं तर आधी त्याला पुढच्या रांगेत बसवायचं आणि फळ्यावरचं वाचायला सांगायचं. मग पाठीमागं उभं राहून हळू आवाजात हाक मारायची. 'मंद' म्हणून माझ्याकडं आलेल्या पोरांत कुणाला चष्मा लागायचा, कुणाचा कान वाहत असायचा आणि निम्मं ऐकूच यायचं नाही. पालकांनो, कुठल्याही मानसशास्त्राच्या चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. झोप किती होते, सकाळी पोटात काय जातं, घरात भांडणं आहेत का, हे विचारा. याला फी लागत नाही.

राजारामपुरीच्या ताईंना एवढंच म्हणतो, आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी अशी पोरं सांभाळून घेतली नावं न देता.

---

राजारामपुरीची आई:

गुरुजी तुम्ही सांभाळून घेतलंत, पण सगळे तुमच्यासारखे नव्हते ना. माझ्या नवऱ्याचं पण असंच होतं, त्याला छड्या मिळाल्या आणि सातवीनंतर उद्यमनगरला लेथवर लागला. हात सोन्याचा आहे त्याचा, मशीन नुसतं ऐकून बिघाड सांगतो, पण अजून बँकेतला फॉर्म मी भरते. नाव नव्हतं म्हणून त्याला सवलत पण नव्हती आणि समजूत पण नव्हती. डोळे-कान तपासायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आम्हालाही आधी तेच करायला सांगितलं होतं.

---

कसबा बावडा (मी याच क्षेत्रात काम करते):

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, जाहिरात नको म्हणून नाव देत नाही. दोन्ही बाजूंचं वाचलं, आणि मला वाटतं तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय.

बोटांच्या ठशांचं आधी सांगते. याला डीएमआयटी म्हणतात. ठशांच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरतात, त्यावरून बुद्धी, स्वभाव, करिअर काहीही कळत नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की याला शास्त्रीय आधार नाही. जिथं हे पॅकेजमध्ये आहे तिथं बाकीच्या टेस्टबद्दल पण मला शंका येते. तिथून उठून या.

खरी आयक्यू टेस्ट एकेका मुलाला समोर बसवून घेतात, तास-दीड तास सहज जातो, हॉलमध्ये ४० मुलांना कागद वाटून होत नाही. आपल्याकडं बिने-कामत वापरतात, व्ही. व्ही. कामतांनी बिनेची टेस्ट त्या काळच्या मुंबई-कर्नाटक भागात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आणि दुसरी मलीनची, नागपूरला १९६९ ला झालेली. दोन्ही जुन्या आहेत म्हणून नुसता आकडा वाचणारा माणूस उपयोगाचा नाही, मूल कुठं अडलं, दमलं का, घाबरलं का, हे बघणारा पाहिजे. मूळ बिनेनं १९०५ ला पॅरिसमध्ये ही टेस्ट बनवली ती शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल हे शोधायला. हुशार कोण याची यादी लावायला नव्हे. शाळा जर मुलांचे आयक्यू लावून तुकड्या पाडत असेल तर भांडा, मी तुमच्या बाजूनं आहे.

आणि दादा, चुळबूळ म्हणजे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, असं कुणी एका सभेत ठरवू शकत नाही. शाळा आणि घर दोन्हीकडं, सहा महिन्यांहून जास्त, वयाच्या मानानं जास्त आणि मुलाला त्रास होईल इतकं असेल तर पुढं बघायचं. फक्त शाळेतच होत असेल तर कधीकधी शाळेकडंच बघावं लागतं.

---

गोकुळ शिरगाव एमआयडीसी:

मॅडम पण आम्ही ओळखायचं कसं कोण खरं कोण खोटं? बोर्ड सगळ्यांचे सारखेच. काउन्सेलर, थेरपिस्ट, माइंड कोच, लाइफ कोच.

---

कसबा बावडा:

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानं रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे आरसीआयकडं असते. नंबर मागा, वेबसाइटवर बघता येतो. नंबर विचारला म्हणून जो चिडतो त्याच्याकडं जाऊ नका. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर त्यात पुढं शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. काउन्सेलर बरेच चांगले आहेत, एमए करून शिकलेले, पण तो शब्द कुणीही बोर्डावर लावू शकतो आणि कोच तर कुणीही होतो, वीकेंडचा कोर्स करूनही. अध्ययन अक्षमतेचं सरकारी प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली मिळतं, ते आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, आणि पुढं वय वाढल्यावर परत तपासणी असते. खासगी रिपोर्टवर ते आपोआप मिळत नाही हे पण लक्षात ठेवा.

---

खासबागचा पैलवान:

सगळं वाचलं. पोरांचं ठीक हाय, पण मोठ्या माणसांना कसलं काउन्सेलिंग लागतंय? आमच्या तालमीत संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की सगळं मोकळं होतंय. धंदा बुडाला, लग्न मोडलं, सगळं आम्ही बोलतो. दोस्त असताना अनोळखी माणसाला तासाचे हजार रुपये देऊन रडगाणं कशाला गायचं? पुण्या-मुंबईला माणसाला माणूस नाही तिथं हे चालतंय, कोल्हापुरात नको.

---

शिरोली_वहिनी:

भाऊ तुमचा कट्टा चांगला आहे, असे दोस्त सगळ्यांना मिळोत. पण माझ्या घरातलं सांगते. माझे मिस्टर फाउंड्रीत सुपरवायझर. मध्यरात्री छातीत धडधड, घाम, हातपाय गार, आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पळायचो, ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल. दोस्तांनी काय सांगितलं, पन्हाळ्याला फिरून ये, जोतिबाला नारळ फोड, एक पेग मार झोप लागेल. प्रेमानंच सांगितलं सगळ्यांनी. पण बोलता त्यांना येईना, कारण फर्नेसजवळ त्यांच्यासमोर अपघात झाला होता आणि त्यातला माणूस त्याच कट्ट्यावरच्या एकाचा भाऊ. तिथं कसं बोलणार? आणि कट्ट्यावर सातला बोललेलं नऊपर्यंत तीन पेठांत पोचतंय हे तुम्हाला पण माहीत आहे.

शेवटी एका फिजिशियननी लिहून दिलं की हे पॅनिक अटॅक आहेत, मानसोपचारवाल्यांना दाखवा. काही महिने गोळ्या आणि सोबत सायकॉलॉजिस्टकडं सेशन. तिथं श्वासाचं शिकवलं, धडधड सुरू झाली की डोक्यात काय विचार येतो ते वहीत लिहायला लावलं, आणि हळूहळू फर्नेसच्या शेडपर्यंत परत न्यायचं, आधी गेटपर्यंत, मग अंगणापर्यंत. अनोळखी माणूस होता म्हणूनच ते बोलू शकले.

---

खासबागचा पैलवान:

वहिनी, वाईट वाटलं. असल्या केसला डॉक्टरच पाहिजे, ते मान्य. पण रोजच्या टेन्शनला सेशन लावायची फॅशन नको एवढंच म्हणणं, त्यावर मी ठाम आहे. माणसाला माणूस पुरायला पाहिजे.

---

इचलकरंजी लूमवाला:

फॅशन राहू दे, परवडायला पाहिजे की. सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला जाणाऱ्यानं महिन्याला चार सेशन लावायची तर घरभाडं द्यायचं का नाही? हे सगळं ताराबाई पार्कातल्या लोकांचं. आमच्याकडं बारा बारा तासाच्या पाळीत माणसं मोडतात, दारूकडं वळतात, त्यांना कोण काउन्सेलिंग देणार?

---

कसबा बावडा:

दादा तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हेच आलं, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं, गर्दी असते पण डॉक्टर आहेत. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेली मानस, २०२२ पासून सरकारनं सुरू केलंय, मोफत, मराठीत बोलतात, पाळी सुटल्यावर रात्री पण लावता येतो. व्यसनाचं पण तिथं विचारा.

---

शाहूपुरी एचआर:

कोचिंगला सगळे सरसकट झोडपताय ते पटलं नाही. कंपनीनं मला कोच दिला होता, मॅनेजर झाल्यावर टीमशी कठीण बोलणं कसं करायचं, नाही कसं म्हणायचं, यासाठी. खूप उपयोग झाला. पण त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं होतं की झोप, भूक, मरणाचे विचार असं काही आहे का, असेल तर आधी डॉक्टरकडं जा, माझ्याकडं नंतर. असं विचारणारा कोच मी चांगला समजतो. हॉटेलच्या हॉलमध्ये अंतर्मनाची शक्ती जागी करून दोन दिवसांत डिप्रेशन घालवतो म्हणणारे वेगळे, त्यांच्यापासनं लांब राहा, गोळ्या बंद करायला लावतात काहीजण आणि ते जिवावर बेततं.

---

मंगळवारपेठकर:

सगळ्यांचे आभार. माझं शाळेच्या पॅकेजबद्दलचं मत तेच आहे, साडेसहा हजार मी भरणार नाही आणि बोटांचे ठसे तर अजिबात देणार नाही. मुख्याध्यापकांना लेखी विचारतोय की टेस्ट कुठली, घेणाऱ्याचा आरसीआय नंबर काय, रिपोर्ट शाळेत कुणाकुणाला दिसणार, आणि रिपोर्ट आल्यावर वर्गशिक्षिका वर्गात काय वेगळं करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर टेस्टला अर्थ नाही असं मी अजूनही म्हणतो. गुरुजींचं ऐकून डोळे-कान तपासायला घेऊन जातोय या शनिवारी. ज्या पालकांना पत्राचा मसुदा पाहिजे त्यांनी सांगा, इथं टाकतो.

---

राजारामपुरीची आई:

मसुदा टाकाच, आमच्या शाळेतल्या ग्रुपवर पण देते. पण दादा मला तुमचा शेवटचा मुद्दा पटलेला नाही. शाळा काहीच करणार नसली तरी आईबापाला कळायला पाहिजे. आमच्या शाळेनं सवलत द्यायला वर्ष घालवलं, त्या वर्षात घरी तरी त्याला कुणी ढ म्हणालं नाही. डोळे-कान नीट निघाले आणि तरी वही बघून तुमच्या मनात शंका राहिली तर शाळेच्या उत्तरासाठी थांबू नका, सीपीआरला दाखवा.

---

मंगळवारपेठकर:

वही बघतो आज बसून. पंचवीसचं विचारतो त्याला.