घंटागाडीत गेलेल्या सुक्या कचऱ्याचं पुढे काय होतं? ‘सगळं एकत्रच जातं’वाल्यांना उत्तर

गोदाकाठ_५२

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘ओला-सुका वेगळा करून डोकं शिणवू नका, पाथर्डीच्या खत प्रकल्पावर सगळं एकाच ढिगात पडतं.’ खाली ‘अगदी बरोबर’ची रांग लागली आहे. हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

सुका माल एका जागी वेगळा होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. रद्दी, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, अख्ख्या बाटल्या हे दारातच भंगारवाल्याकडे जातं. पुढचा टप्पा गाडीवर. घंटागाडीच्या बाहेरून लटकलेल्या गोण्या नीट बघा. एकीत पाण्याच्या बाटल्या, एकीत पुठ्ठा, एकीत कडक प्लास्टिक. ज्याला वजनावर भाव आहे तो माल तिथेच बाजूला पडतो. उरलेलं प्रकल्पावर जातं.

मिश्र कचऱ्याचं काय होतं तेही बघा. अशा प्रकल्पांत तो लांब ओळींत रचून साधारण महिनाभर कुजवतात, आठवड्याला उलथतात, मग फिरत्या ड्रमच्या चाळणीत घालतात. आधी मोठ्या भोकांची, मग ३५ मिमी, १६ मिमी आणि शेवटी ४ मिमी. वर राहतं ते प्लास्टिक, चिंध्या, नारळाच्या करवंट्या. पातळ पिशव्या उडवून वेगळ्या काढायला हवेचा झोत असतो, पण महिनाभर खरकट्यात मुरलेली पिशवी मातीने जड झालेली असते, ती उडतच नाही. काही पिशव्या ड्रमच्या दांड्याला गुंडाळल्या जातात, मग यंत्र थांबवून कोयत्याने कापून काढाव्या लागतात. तो माल कुणी विकत घेत नाही. त्याचा चुरा करून आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं जळण, बनतं, बस्स.

तीच पिशवी कोरडी आली असती तर तिला भाव होता. म्हणजे ‘एकत्रच जातं’ हे ज्याच्या घरी एका बादलीत जातं त्याच्यापुरतं खरं आहे. कोरड्या बाटलीचा प्रवास वेगळा आहे. एक लिटरच्या ४०-५० रिकाम्या बाटल्यांचा एक किलो होतो. त्यांचे गठ्ठे बांधतात, तुकडे करतात, ८०-९० अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, मग पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणांचं प्लास्टिक तरंगतं, बाटलीचं बुडतं. बुडालेल्यापासून पॉलिस्टरचा धागा होतो, उशा-रजयांत भरतात तो.

सिडकोकर_जुना

लिहिलंय चांगलं, पण यात सोयीचाच माल घेतलाय. पाण्याच्या बाटलीला गिऱ्हाईक आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेफर्सच्या पाकिटाचं बोला. शाम्पूच्या पुडीचं बोला.

त्या पाकिटात दोन-तीन जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिथिन ११०-१३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलिन १६० ला, पॉलिस्टर २५० च्या पुढे. मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा. एक थर वितळेपर्यंत दुसरा करपतो किंवा तिसरा तसाच राहतो. घरी धुवा, वाळवा, इस्त्री करा, त्यातून नव्या वस्तू बनवायचा प्लास्टिकचा दाणा निघत नाही. हे पाकीट वेगळं ठेवून बाई दमते आणि ते शेवटी जळणातच जातं.

जळणाचंही ऐका. २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं की किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा डेपोत पुरायचा नाही, आणि आरडीएफ प्रकल्पापासून १०० किमीच्या आतल्या जळण वापरणाऱ्या कारखान्यांनी किमान ५ टक्के जळण त्यातून भागवायचं. सिमेंटच्या भट्ट्या कुठे आहेत? चंद्रपूर, यवतमाळकडे. नाशिकहून हलका, फुगीर माल तिथवर न्यायचा तर ट्रकभर हवाच वाहून न्यायची. भाडं मालापेक्षा जास्त होतं. मग दोष बादलीचा कसा? पाकीट बनवणाऱ्याचा का नाही? आपल्या पाकिटांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण २०२२ पासून ती प्रमाणपत्रं विकत घेऊन भागवता येते. आणि उपदेश घरातल्यांना.

गोदाकाठ_५२

थर चिकटवलेल्या पाकिटाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्याचं पुनर्चक्रण होत नाही, लिहायला हवं होतं. भाड्याचंही मान्य.

पण म्हणूनच ते कोरडं राहायला हवं. ओल्या आरडीएफमधलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, वजनाचं भाडं लागतं ते वेगळं. त्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं मिसळली की आणखी घोळ, कारण त्यांत पीव्हीसी असतं, पीव्हीसीत क्लोरीन, आणि क्लोरीन वाढलं की सिमेंटच्या भट्टीच्या वरच्या नळांत थर साचून वाट तुंबते. मग भट्टीवाला अख्खी गाडी परत पाठवतो.

आणि दूध पिशवी तरी विसळून ठेवा. तिच्यात वेगवेगळ्या जातींचे थर नाहीत, तो चांगला माल आहे.

गंगापूररोड_बी७

थांबा. कचरा धुवायचा? गंगापूर धरणाचं शुद्ध केलेलं पाणी, उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्या, आणि त्या पाण्याने आम्ही पिशव्या धुवायच्या? पिशवीमागे पाव लिटर धरा, दोन पिशव्यांना अर्धा लिटर, वर्षाला घरटी १८० लिटर. लाखभर घरं धरा आणि गुणाकार करा. तीन ग्रॅमच्या पिशवीसाठी एवढं पाणी ओतणं हा पर्यावरणाचा विचार नाही, हा मनाच्या समाधानाचा कार्यक्रम आहे.

गिट्टी_मालेगाव

भाऊ, पाव लिटर कुठून आणलं? अर्धी वाटी पुरते. पिशवीत ओता, तोंड धरून हलवा, तेच पाणी दुधाच्या पातेल्यात ओता. पातेलं तर विसळणारच आहात ना? ते पाणी पुढे कुंडीत जातं. जास्तीचं पाणी शून्य.

आता न धुतलेल्या पिशवीचं सांगतो. दोन दिवसांत दूध आंबतं, आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात. गठ्ठ्यात आठवडाभर राहिली की बुरशी, अळ्या. गिट्टीच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकचे तुकडे करणाऱ्या, कारखान्यात आधी हाताने निवड होते. बायका जमिनीवर बसून पन्नी वेगळी, कडक वेगळं, रंगीत वेगळं, पांढरं वेगळं करतात. वास मारणारा गठ्ठा त्या हातांनी उघडायचा असतो. मग कटर, मग धुण्याचे हौद. घरी अर्ध्या वाटीत सुटणारी साय तिथे साबण नि कॉस्टिक टाकून काढावी लागते, आणि ते पाणी पुढे गटारात जातं. म्हणजे पाणी वाचत नाही, फक्त तुमच्या घरून आमच्या गावात येतं आणि घाण होऊन येतं.

धुऊनही सायीचा अंश राहिला तर दाणा बनवताना तो जळतो, वाफ धरतो, दाण्यात बुडबुडे येतात. त्या दाण्याचा पाइप दाबाखाली बारीक भोकं पाडतो. म्हणून अशा मालाचा भाव पडतो.

हिशेबच करायचा तर असा करा: ३ ग्रॅमच्या पिशव्या, रोज दोन, वर्षाला २ किलोच्या थोडं वर. एका घराचं काहीच नाही. एका मोठ्या सोसायटीतली २०० घरं धरा, ४०० किलोच्या वर स्वच्छ, एकाच जातीचा माल. याला गाडी येते.

आणि एक काम सगळ्यांनी करा. कोपरा पूर्ण कापू नका. एका बाजूला धागाभर लटकता ठेवा. तो सुटा तिकोनी तुकडा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा असतो. भंगारवाला तो उचलत नाही, गाडीवरचा कामगार उचलत नाही. तो सिंकमधून गटारात जातो, नाहीतर भाजीच्या देठांबरोबर ओल्यात.

गंगापूररोड_बी७

पातेल्याचा मुद्दा ठीक. पण सूर असा का लावता, की मालेगावची गटारं आमच्यामुळे तुंबली? धुण्याचं पाणी साफ करून परत वापरायची टाकी बसवणं हे कारखान्याचं काम आहे. ते न करता नाशिकच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचं हे मला पटत नाही.

आणि पैशाचं काय? २०१८ च्या प्लास्टिकबंदीत लिहिलं होतं की दूध पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची, किमान ५० पैसे. पिशवी परत दिली की दुकानदाराने ते द्यायचे. ते नीट चाललं असतं तर आज हा वादच नसता. लोकांनी स्वतःहून धुऊन, मोजून, दहा-दहाच्या जुड्या बांधून दिल्या असत्या.

गिट्टी_मालेगाव

पाणी फिरवून वापरण्याचं तुमचं बरोबर आहे. गाळ बसवायचे तीन हौद आणि एक पंप लागतो, फार मोठं यंत्र नाही. जो बसवत नाही त्याची बाजू मी घेणार नाही.

५० पैशांचंही बरोबर.

द्राक्षबाग_दिंडोरी

दोघं पिशवीवर भांडताय, ओल्यात काय पडतं त्यावर कुणी बोलेना. शहराचं खत शेवटी आमच्याकडे यायचं असतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला अट आहे: किमान ९० टक्के माल ४ मिमीच्या चाळणीतून गेला पाहिजे, कर्ब-नत्राचं प्रमाण २० च्या आत, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ च्या आत.

काचेला चाळणी अडवत नाही. ओल्या पिशवीत फुटका कप, ट्यूबलाइट, लोणच्याची बरणी टाकली की गाडीच्या दाबाने तिचा चुरा होतो आणि ४ मिमीपेक्षा बारीक कण खताबरोबरच खाली येतो. तो काढायला वजनावर वेगळं करणारं यंत्र लागतं, तेही वाळूएवढी काच सोडून देतं. आमच्याकडे वेलीच्या बुंध्याशी खत हाताने पसरतात. मूठभर खत उन्हात धरल्यावर त्यात काच चमकली की शेतकरी दुसऱ्या वेळी ते खत घेत नाही, फुकट दिलं तरी. खडूएवढा सेल ओल्यात पडला तर शिसं-कॅडमियम त्यातून येतं, ते तर दिसतही नाही.

फुटकी काच वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, दोरी बांधा, वर ‘काच’ लिहा, सुक्यात द्या. सेल आणि ट्यूब वेगळ्या डब्यात साठवा. एवढंच मागणं आहे.

सिडकोकर_जुना

काचेचं पटलं. पण पुन्हा तेच. निवडायला जागा कुठे आहे? अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये उठवला. आगी लागत होत्या, रस्ता अडत होता, सगळं खरं. पण शहराचा पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक निवडायची जागाही तीच होती. भंगारवाल्याला शेड, वजनकाटा, आग विझवायचं पाणी असलेली अधिकृत जागा दिल्याशिवाय बाजार उठवला की तो पुन्हा कुठेतरी उगवतोच, आणि मधल्या काळात हलका माल गाडीत जातो, कारण तो साठवायला कुणाकडे जागा नसते. वेगळा केलेला माल घ्यायला माणूस उभा नसेल तर आम्ही वेगळा करून काय करायचं?

गोदाकाठ_५२

जागेबद्दल पूर्ण सहमत. दिंडोरीकरांचं मात्र जागेवर अवलंबून नाही. काच ओल्यात न टाकणं आज संध्याकाळपासून जमतं.

गंगापूररोड_बी७

बरं, पिशवी विसळीन, पातेल्याच्या पाण्यात. कोपराही लटकता ठेवीन. ५० पैशांचा मुद्दा मी सोडलेला नाही. बाटलीचं झाकण काढून द्यायचं की लावून? एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं.

गिट्टी_मालेगाव

बाटली रिकामी करा, पिळून हवा काढा, मग झाकण घट्ट लावा. सुटं झाकण चाळणीतून पडून हरवतं. लावलेलं असेल तर तुकडे केल्यावर टाकीत वर येतं आणि त्यालाही गिऱ्हाईक मिळतं. बाटलीभर घट्ट बसलेलं चकचकीत वेष्टन असेल तर मात्र कात्रीने उभं चिरून काढा. त्यात बऱ्याचदा पीव्हीसी असतं. ते बाटलीच्या तुकड्यांबरोबरच बुडतं, टाकीत वेगळं होत नाही, आणि पुढे २६० अंशांना बाटली वितळवताना जळून अख्ख्या मालात काळे ठिपके पाडतं.