जुन्या चौकटीला नवं फ्लश डोअर: माप, बिजागऱ्या, सनमायका

चौथा_मजला_ठाणे
बेडरूमचं दार खालून कुजलंय, पण साल लाकडाची चौकट ठणठणीत आहे. तिलाच नवं फ्लश डोअर (दोन्हीकडून सपाट, प्लायचं दार) बसवायचंय, सुतार न बोलावता. रंधा, पटाशी, ड्रिल आहे. चौकटीच्या खाचेत, म्हणजे दार बसतं तिथे, मोजलेली रुंदी वर ३२¼, मध्ये ३२⅛, खाली ३२⅜ इंच. उंची बिजागरीकडे ८०⅝, कडीकडे ८०½. जुनं दार ३० मिमी. दुकानात ८१ × ३३ तयार आहे, ३२ मिमी जाडीचं, वर दोन्हीकडून १ मिमी सनमायका लावेन. जुन्या दाराच्या मापाने कापू का? बिजागऱ्या तीन की चार? सनमायका आधी की नंतर?

रंधा_पटाशी
जुन्या दाराचं माप घेऊच नका. ते दर पावसाळ्यात थोडं थोडं रंधून कमी झालेलं असतं.

रुंदीच्या आधी खाचेची खोली मोजा. ३२ अधिक दोन्हीकडचा सनमायका म्हणजे ३४ मिमी, गोंद धरून थोडं जास्तच. खाच ३० च्या दारासाठी काढलेली असेल तर नवं दार चौकटीच्या चार मिमी बाहेर येईल. सालात खाच वाढवायचा उद्योग नको, हाताची सालं निघतील. ३० मिमीचं दार मागा, सनमायका धरून ते दोनच मिमी बाहेर येईल.

आता रुंदी. तुमची चौकट मध्ये एक-दोन सूत (एक सूत म्हणजे ⅛ इंच) आत आलीय. कोणती बाजू आलीय ते दोरा ताणून पाहा. बिजागरीची कड सरळ ठेवा आणि सगळी तडजोड कडीच्या बाजूला करा. दोन्हीकडे एकेक सूत फट सोडली की दार वर ३२, मध्ये ३१⅞, खाली ३२⅛ येतं. म्हणजे ३३ मधून इंचभर जाणार. सगळं एकाच बाजूने कापू नका, अर्धा-अर्धा इंच काढा. आतली लाकडी पट्टी फार बारीक झाली तर तिथे स्क्रू आणि लॉक धरत नाही.

वर एक सूत, खाली तीन सूत सोडून उंची साधारण ८० इंच. पण खालची फट उंबऱ्यापाशी मोजू नका. दार जितकं उघडतं तितक्या फरशीवर लेव्हल पट्टी फिरवा आणि सगळ्यात उंच जागी तीन सूत ठेवा. एखादी फरशी दोन सूत वर असतेच, आणि दार नेमकं तिथेच घासतं.

कडीच्या कडेला उतार द्या. बंद होताना जी धार आधी खाचेत शिरते, ती दोन मिमी जास्त रंधा. हे राहिलं तर फट बरोबर असूनही दार अडतं.

कोकण_किनारा
वरच्याशी सहमत. तरी काम एप्रिल-मेमध्ये करत असाल तर कडीकडे एकाऐवजी दीड सूत ठेवा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत फुगून लागत नाही.

तुमचं दार खालूनच का कुजलं? खालची कड कोरी ठेवली असणार. पोछ्याचं पाणी तिथूनच आत चढतं. दार टांगल्यावर ती कड दिसत नाही, म्हणून कोणी रंगवत नाही. टांगायच्या आधी चारही कडांना, विशेषतः वरच्या-खालच्या, प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या.

सनमायक्याचा क्रम: आधी कापा, मग टांगून पाहा, काढा, दोन्ही बाजूंना सनमायका लावा, कडा साफ करा आणि मग कायमचं टांगा. एकाच बाजूला लावाल तर दार धनुष्यासारखं वाकेल, नंतर दुसऱ्या बाजूला लावूनही सरळ होत नाही.

रंधा_पटाशी
बिजागऱ्या राहिल्या. चार इंची स्टीलच्या तीन पुरतात. वरची दाराच्या माथ्यापासून सात इंचांवर, खालची तळापासून नऊ-दहा इंचांवर, तिसरी मधोमध. ती वजनापेक्षा दार पोटात वाकू नये म्हणून असते.

चौकटीतल्या बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा चालतील, पण स्क्रूची भोकं सैल झालेली असतील. सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या. काड्यापेटीच्या काड्या भरून भागत नाही, सगळा भार वरच्या बिजागरीच्या स्क्रूंवर येतो.

खाचांचं माप टेपने दारावर नेऊ नका. दार पाचरांवर चौकटीत उभं करा, वर एक सुताचं पुठ्ठ्याचं पॅकिंग घाला आणि चौकटीवरून थेट पेन्सिलीने रेघ ओढा. खाच बिजागरीच्या पानाच्या जाडीइतकीच, केसभरही जास्त नको. आठ नंबरचे दीड इंची स्क्रू घ्या. सालात ३ मिमी, दारात २.५ मिमीचं भोक आधी पाडा आणि स्क्रूला साबण चोळा, नाहीतर डोकं तुटतं आणि बाकीचा स्क्रू आत राहतो. प्रत्येक पानाला एकच स्क्रू लावून दार चार वेळा उघडा-मिटा, मगच बाकीचे. हातोडीने स्क्रू ठोकायचा मोह टाळा.

चौथा_मजला_ठाणे
३० मिमीचं दार टांगून पाहिलं. फटी बरोबर आहेत, कुठे घासत नाही. पण शेवटचा इंच राहिला की दार दाबावं लागतं, आणि सोडलं की परत उघडतं.

कोकण_किनारा
बिजागरीच्या बाजूला दबतंय. बंद करताना त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड वरून खाली फिरवा. जिथे अडकेल, तिथली बिजागरी जास्त खोल बसलीय. त्या पानाचे स्क्रू सैल करून मागे पुठ्ठ्याची पट्टी घाला. आधी एकच, लगेच दोन नकोत. कार्ड सगळीकडे सरकलं तर स्क्रूची डोकी पाहा. पानाबाहेर आलेली असतील तर ती समोरासमोर टेकतात. तेही नसेल तर चौकटीच्या खाचेत जुन्या रंगाचा थर साचलाय, तो पटाशीने खरवडा.

चौथा_मजला_ठाणे
मधल्या बिजागरीपाशी कार्ड अडकलं. पाकिटाच्या पुठ्ठ्याची एक पट्टी घातली, आता दार दाबावं लागत नाही. सनमायका लावायला उतरवतोय.

रंधा_पटाशी
उतरवताना कोणती बिजागरी कुठली ते पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि ती पट्टी हरवू नका.