प्रोग्राम करता येणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर: छंद म्हणून सुरुवात कुठून करू?

नवखा_दारव्हा

राम राम मंडळी. प्रोग्राम लिहिता येतो असा ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायचा विचार आहे. परीक्षेसाठी नाही, निव्वळ छंद म्हणून. मुक्काम खेड्यावर, लाइन कधी राहते कधी जाते, म्हणून सेलवर चालणारं यंत्र बरं वाटते. अँड्रॉइड फोन आहे, विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, पायथॉन थोडंसं येते.

टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स), कॅसिओ, एचपी यातलं नवख्यानं काय घ्यावं? दुकानदार कॅसिओचा एफएक्स-९९१ पुढे करते आणि म्हणते, यातच ग्राफ निघते. खरं काय? जुना घेतला तर काय काय तपासावं? आणि पहिला प्रोग्राम कशाचा लिहू? शेताच्या मापाचं काही जमलं तर घरचे नावं ठेवणार नाहीत.

झेड८०_अकोला

दुकानदाराचं आधी निपटवू. ९९१ईएक्स आणि ९९१सीडब्ल्यू पडद्यावर क्यूआर कोड दाखवतात, तो फोननं स्कॅन केला की ग्राफ फोनवर उघडतो. कॅल्क्युलेटरवर ग्राफ निघत नाही आणि प्रोग्राम तर साठवताच येत नाही. ९९१एमएस, ९९१ईएस प्लस यांतही प्रोग्राम नाही. आपल्याकडे दुकानात हेच मिळतात, कारण तंत्रनिकेतनच्या प्रश्नपत्रिकेवरच ‘नॉन-प्रोग्रॅमेबल’ कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असतं. कॅसिओचा एफएक्स-५८००पी प्रोग्रॅमेबल आहे आणि एका बारीक सेलवर चालतो, पण तो ग्राफ काढत नाही आणि लॅपटॉपला जोडता येत नाही. छंदासाठी तिथेच गाडी अडते.

आता काय घ्यावं. मॉडेलचं नाव पाहण्याआधी त्याचं पोर्ट आणि सेल पाहा. माझी पसंती साध्या काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसला. २००४ चं मॉडेल, आत झेड८० प्रोसेसर १५ मेगाहर्ट्झवर, पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, वापरायला साधारण २४ किलोबाइट रॅम आणि ४८० किलोबाइट आर्काइव्ह (प्रोग्राम जपून ठेवायची फ्लॅश जागा). रिमोटचे चार बारीक सेल म्हणजे ट्रिपल ए लागतात, आणि मिनी-यूएसबी पोर्ट आहे. त्याच्या आधीच्या टीआय-८३ प्लसवर (१९९९) जवळपास तेच प्रोग्राम चालतात, पण त्याला फक्त २.५ मिलिमीटरचं गोल पोर्ट आहे. त्यासाठी टीआयची वेगळी लिंक केबल लागते, ती आपल्या भागात मिळत नाही. ८३ प्लस स्वस्त दिसला तरी केबल सोबत नसेल तर सोडून द्या.

रंगीत टीआय-८४ प्लस सीई (२०१५) दिसायला देखणा आहे, ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८०, ३२० बाय २४० चा पडदा. दोन अडचणी. त्यात आतली लिथियम बॅटरी आहे, बाजारातले सेल चालत नाहीत. आणि ओएस ५.५.१ पासून कंपनीनं असेंब्ली आणि सीचे प्रोग्राम चालवणं बंद केलं, जुन्या ओएसवर परतही जाता येत नाही. हौशी लोकांनी ‘आर्टिफाइस’ नावाची पळवाट काढली आहे, पण नवख्यानं पहिल्याच दिवशी त्या भानगडीत पडू नये.

कोराच पाहिजे असेल तर कॅसिओ एफएक्स-९७५०जीIII. चार ट्रिपल ए सेल, मायक्रोपायथॉन आतच, आणि यूएसबीनं जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. तुम्हाला पायथॉन येतं म्हणता, तर हा सोपा जाईल. बाहेरून मागवताना कुरिअर आणि कस्टम्स धरूनच हिशेब करा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेलं दीडपट पडतं.

जुना घेताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा. सेलचं झाकण उघडून आतल्या पट्ट्यांचा, चालू पडद्याचा, आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवलेल्या पडद्याचा (‘सेकंड’ दाबून सोडायचं, मग वरचा बाण धरून ठेवायचा). पडदा पूर्ण काळा झाला की मेलेल्या रेघा पांढऱ्या उठून दिसतात. अशा रेघा म्हणजे पडद्याची रिबन सुटत आली. ती घरी दुरुस्त होते असं कुणी म्हटलं तरी त्याच्या भरवशावर पैसे टाकू नका.

उलटी_पोलिश

एक पैसा खर्च करायच्या आधी फोनवर ‘फ्री४२’ टाका. थॉमस ओक्केन यांनी लिहिलेलं, फुकट, जाहिरात नाही, इंटरनेटशिवाय चालतं. १९८८ च्या एचपी-४२एस सारखं हुबेहूब वागतं, आणि एचपीचा रॉम (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) लागत नसल्यानं कायद्याची कटकट नाही. ४२एस ग्राफ काढण्यात कच्चं आहे हे मान्य, पण प्रोग्रॅमिंगची गोडी लागते की नाही हे त्यावर आठ दिवसांत कळतं.

यात उलट पोलिश पद्धत आहे: आधी आकडे, मग क्रिया. ६० एंटर ८० अधिक, झालं. बरोबरचं बटण नाहीच. आकडे एक्स, वाय, झेड, टी अशा चार मजल्यांवर चढत जातात, क्रिया तळच्या दोघांवर होते.

पहिला प्रोग्राम शेताचाच लिहा. तीन बाजू मीटरमध्ये द्यायच्या, क्षेत्रफळ आरमध्ये यायला पाहिजे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, म्हणून उत्तर लगेच ताडून पाहता येतं. शिफ्ट आणि ‘जीटीओ’, मग दोनदा टिंब दाबलं की कोरी जागा मिळते. शिफ्ट-‘प्रोग्राम’ दाबून लिहायला बसा (एलबीएल म्हणजे प्रोग्रामचं नाव, एसटीओ म्हणजे आकडा खणात साठवा, आरसीएल म्हणजे परत काढा, आर↓ म्हणजे आकडे एक मजला खाली सरकवा):

एलबीएल “शेत” (नाव इंग्रजी अक्षरांतच टाका)
एसटीओ ०३
आर↓
एसटीओ ०२
आर↓
एसटीओ ०१
आरसीएल+ ०२
आरसीएल+ ०३
२
÷
एसटीओ ००
एंटर
आरसीएल− ०१
×
आरसीएल ००
आरसीएल− ०२
×
आरसीएल ००
आरसीएल− ०३
×
वर्गमूळ
१००
÷

‘आरसीएल+’ हे वेगळं बटण नाही. आरसीएल, मग अधिक, मग ०२ असं दाबायचं. ‘एक्झिट’नं बाहेर या. तपासायला ६० एंटर ८० एंटर १००, मग ‘एक्सईक्यू’ आणि मेनूतून नाव. उत्तर २४ यायला पाहिजे, कारण तो काटकोन त्रिकोण आहे: ६० गुणिले ८० भागिले २ म्हणजे २४०० चौरस मीटर. नवा प्रोग्राम आधी असा तोंडी सुटणाऱ्या आकड्यांवरच घासून घ्या.

चार बाजूंच्या शेताला चारही बाजू मोजून भागत नाही, एक कर्ण मोजावाच लागतो. नुसत्या चार बाजूंवर चौकोन तिरपा होऊ शकतो आणि क्षेत्रफळ बदलतं. कर्णानं दोन त्रिकोण पाडा, प्रोग्राम दोनदा चालवा, बेरीज करा.

कापूस_ते_कोड

सगळं मान्य, पण फोनवर पायथॉन फुकटात चालते. चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्याचा एवढा खटाटोप काहून?

उलटी_पोलिश

@कापूस_ते_कोड काम उरकायचं असेल तर फोनच बरा, भाऊ. इथे विषय छंदाचा आहे. २४ किलोबाइटमध्ये खेळ बसवायचा, आठ ओळी सोळा अक्षरांच्या पडद्यावर मेनू मांडायचा, यातच खरी मजा आहे. कॅसिओच्या १९८५ च्या एफएक्स-७०००जीमध्ये, म्हणजे पहिल्याच ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये, प्रोग्रामसाठी ४२२ बाइट होते. लोक तेवढ्यातही हात मारायचे. पायथॉन सोडवत नसेल तर नमवर्क्स या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं सिम्युलेटर ब्राउझरमध्ये उघडून पाहा, ते पायथॉनसकट फुकट आहे.

नवखा_दारव्हा

फ्री४२ टाकलं, २४ आलं, झकास! पण ३०, ४०, ९० दिलं तर उत्तरात शून्याच्या पुढं ‘आय’ लागून आकडा येते. हे काय? आणि टीआय-८४ वर शेताचा नकाशा पडद्यावर काढता येईल काय?

झेड८०_अकोला

३० आणि ४० ची बेरीज ७०, मग ९० ची तिसरी बाजू जुळणारच कशी? असा त्रिकोण होत नाही. वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि ४२एस मुकाट्यानं काल्पनिक संख्या देतं. टीआय-८४ रियल मोडमध्ये ‘नॉनरियल अ‍ॅन्स’ म्हणून अडतो, माझ्या मते तेच बरं. टेप वाचण्यातली चूक बहुतेक वेळा अशीच पकडली जाते.

नकाशा निघतो. एका कोपऱ्याला शून्य-शून्य धरा, बाकीच्या कोपऱ्यांचे पूर्व-उत्तर अंतराचे आकडे एल१ आणि एल२ या याद्यांमध्ये भरा, क्रमानं, बांधाबांधानं जात. शेवटी पहिला कोपरा परत लिहा, नाहीतर आकृती उघडी राहते आणि क्षेत्रफळही चुकतं. ‘प्रोग्राम’ बटण, ‘न्यू’, नाव, आणि मग:

डिम(एल१)→एन
०→एस
फॉर(आय,१,एन−१)
एस+एल१(आय)एल२(आय+१)−एल१(आय+१)एल२(आय)→एस
एंड
डिस्प अ‍ॅब्स(एस)/२०००० 

दोननं भागायचं क्षेत्रफळासाठी आणि दहा हजारांनी हेक्टरसाठी, म्हणून खाली वीस हजार. आयत ६० बाय ८० दिला तर ०.४८ हेक्टर, म्हणजे ४८ आर. एकराला अंदाजे ४०.४७ आर धरून भागा, १.१८६ एकर. कोपऱ्यांचा क्रम उलटसुलट झाला आणि रेषा एकमेकींना छेदल्या तर उत्तर चूक येईल, यंत्र एका शब्दानं सांगणार नाही.

चित्रासाठी ‘स्टॅट प्लॉट’मध्ये प्लॉट१ चालू करा, प्रकार जोडरेषेचा निवडा, मग ‘झूम’मधून ‘झूमस्टॅट’ आणि त्यावर लगेच ‘झेडस्क्वेअर’. दुसरं विसरलात तर चौरस शेत आडवं ताणलेलं दिसतं.

नवख्यांची गाडी अडते ती अशी:

‘डिस्प’, ‘फॉर’, ‘एंड’ हे शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचे नसतात, ‘प्रोग्राम’ बटणाच्या मेनूतूनच घ्यायचे. टाइप केले तर दिसतात तसेच, पण चालवताना ‘सिंटॅक्स’ एरर. वजाबाकीचं बटण आणि ऋण चिन्हाचं कंसातलं बटण वेगळी आहेत. अदलाबदल झाली की तोच एरर.

नकाशा पाहून झाल्यावर प्लॉट१ बंद करा. तो चालू राहिला, याद्या पुसल्या आणि दुसराच साधा ग्राफ काढायला गेलात, तर ‘इन्व्हॅलिड डिम’ येतो. यंत्र बिघडलं म्हणून लोक रीसेट मारतात आणि रॅममधले प्रोग्राम गमावतात.

‘फॉर’ किंवा ‘व्हाइल’च्या मधूनच ‘गोटू’नं बाहेर उडी मारू नका. अर्धवट राहिलेला फेरा यंत्राच्या स्मरणात पडून राहतो, प्रत्येक उडीला थोडी रॅम खातो, प्रोग्राम मंदावतो आणि शेवटी ‘मेमरी’ एरर. खेळ लिहिताना हे हमखास होतं. खेळासाठी ‘गेटकी’चे (कोणतं बटण दाबलं ते सांगणारा हुकूम) आकडे: डावा बाण २४, वर २५, उजवा २६, खाली ३४, एंटर १०५. शेवटचा अंक रकाना, त्याच्या आधीचे अंक बटणाची ओळ, म्हणून बाकीचे मोजून काढता येतात.

बांधावरचा_सर्व्हेअर

उन्हाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅसिओच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जाते. गरम झाला की एलसीडी काळवंडते आणि आकडे वाचता येत नाहीत. घाबरायचं काम नाही, टीआयवर ‘सेकंड’ दाबून खालच्या बाणानं कॉन्ट्रास्ट उतरवा, थंड झाल्यावर परत चढवा. पण गाडीच्या डिक्कीत, टिनाच्या छपराखाली ठेवून जाऊ नका, तिथं सेलही फुटून वाहतात.

ट्रिपल ए चारही एकदमच बदलायचे, जुने-नवे मिसळायचे नाहीत. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल चालतात. कॅसिओ एफएक्स-सीजी५० मध्ये सेटिंगला जाऊन सेलचा प्रकार तसा निवडावा लागते, नाहीतर चार्ज किती उरला ते चुकीचं दाखवते. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर प्रोग्राम आर्काइव्हमध्ये टाकून सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल वाहिलाच तर पांढरी पूड खारी असते, कापसाच्या काडीवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल टाका. लिंबू तसंच राहिलं तर पट्टी खाते.

केबलचंही सांगतो. मिनी-यूएसबी म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची पाच पिनची, फोनची मायक्रो नव्हे. जुन्या बाजारात मिळते, पण बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात. लॅपटॉपनं यंत्र ओळखलंच नाही तर ड्रायव्हर खोदत बसण्याआधी केबल बदलून पाहा.

नवखा_दारव्हा

सेल बदलताना प्रोग्राम उडतात काय?

झेड८०_अकोला

टीआय-८४ प्लसमध्ये एक छोटा बटण-सेल वेगळा असतो, ३०३ किंवा एसआर४४. ८३ प्लसला सीआर१६१६ किंवा सीआर१६२०. मोठे सेल काढल्यावर रॅम तोच सांभाळतो, म्हणून दोन्ही प्रकार एकाच वेळी काढायचे नाहीत. तरी भरवसा ठेवू नका. ‘सेकंड’-‘मेम’मध्ये ‘आर्काइव्ह’ निवडून प्रोग्रामचं नाव द्या, यादीत त्याच्या पुढे तारा दिसला की तो फ्लॅशमध्ये गेला. चालवायच्या आधी ‘अनआर्काइव्ह’ करावं लागतं, नाहीतर ‘आर्काइव्ह्ड’ एरर येतो. आणि लॅपटॉपवर ‘टीआय कनेक्ट सीई’ टाकून एक प्रत तिकडेही उतरवून ठेवा; लिनक्स असेल तर ‘टायएलपी’.