मदत हवी आहे: झेड-स्कॅनमधला औष्णिक परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर पीएचडीचं काम करते. कण चांगले बनलेत. यूव्ही दिव्याखाली धरले की मँगनीजची ओळखीची नारिंगी चमक, साधारण ५८५ नॅनोमीटरला, लख्ख दिसते. फार सुंदर दिसतं ते!

अडचण झेड-स्कॅनमध्ये आहे (यात नमुना लेसरच्या केंद्रबिंदूतून मागे-पुढे सरकवत आरपार येणारा प्रकाश मोजतात). लेसर ५३२ नॅनोमीटरचा, पण सलग चालणारा. बंद छिद्राच्या आलेखात (शोधकासमोर लहान छिद्र ठेवून घेतलेल्या) आधी शिखर, मग दरी येते, म्हणजे अरैखिक अपवर्तन (तीव्रतेनुसार बदलणारं) ऋण. नुसत्या पाण्याचा आलेख मात्र सपाट. कण प्रकाश शोषून पाणी तापवतात आणि त्याचं औष्णिक भिंग होतं, असा माझा अंदाज आहे. मग इलेक्ट्रॉनिक भाग, म्हणजे तापण्यामुळे न आलेला, वेगळा कसा काढू? बीम चॉपरने (किरण ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती) भागेल, की पिकोसेकंद लेसरच हवा?

उघड्या छिद्रातही, म्हणजे सगळा प्रकाश मोजला तरी, दरी दिसते. एक फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, झिंक सल्फाइडचं पट्टांतर (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा) ३.७ च्या आसपास. दोन फोटॉन मिळून ते सहज ओलांडतात. पण सलग लेसरची तीव्रता इतकी कमी, की द्विफोटॉन शोषण म्हणायला मन धजत नाही. दोषपातळ्यांमुळे (स्फटिकातल्या दोषांमुळे पट्टांतरात येणाऱ्या ऊर्जापातळ्या) असेल का?

याच कणांच्या संगणकीय गणनेत ६४ अणूंच्या सुपरसेलमध्ये (स्फटिकाचा पुन्हा पुन्हा येणारा मोठा तुकडा) एका झिंकच्या जागी मँगनीज ठेवलंय. पीबीईने (घनता-फलन गणनेतलं एक नेहमीचं सूत्र) पट्टांतर खूपच कमी येतं. मँगनीजच्या डी-कक्षकांसाठी यू (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाची दुरुस्ती) किती घ्यावा, आणि झिंकलाही लावावा का?

कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात स्पंदित लेसरवर नमुना तपासून मिळत असेल तर कृपया सांगा. नमुने घेऊन मी स्वतः येईन.